बुधवारचा सिनेमा, शनिवारचं हसू

१४ सप्टेंबर, रविवार

कालचा सिनेमा निवडण्यात माझी चूक झाली. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "फक्त मोठ्यांसाठी. पोट धरून हसा." तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. एका दंतवैद्याची गोष्ट. तो बिचारा खालच्या मजल्यावर लोकांच्या दाढा उपटत असतो, आणि वरच्या मजल्यावर त्याची बायको त्याच्याच भावाबरोबर. खाली रोगी ओरडला की वर पलंग करकरतो. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. माझा नवरा क्रुमही हसत होता, सगळ्यांत मोठ्यानं. पुढच्या रांगेतली माणसं वळून त्याच्याकडे बघत आणि त्याला बघून पुन्हा हसत.

मीही हसले. तिथंच चुकलं.

घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. जिन्यात शेजारच्या आजोबांना मात्र एक चुटका सांगितला. दार लागल्यावर विचारलं, "तो भाऊ खोलीत शिरला तेव्हा तू हसलीस. काय गंमत वाटली गं तुला त्यात?"

यावर काय उत्तर द्यायचं असतं? सगळे हसत होते म्हणून, असं म्हणाले. तेही चुकलं.

उद्या दुकानात मालकीणबाईंनी विचारलं तर ओव्हनचं दार लागलं म्हणून सांगेन. पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाईक समोरून बघतं, त्यामुळे गालावर जरा पावडर जास्त लागेल.

शनिवारचा सिनेमा हा आमचा लग्नापासूनचा नेम. क्रुमला चावट विनोदी सिनेमेच लागतात. आणि निवडायचे मी. "तू निवड, राणीसरकार," म्हणतो, "म्हणजे आवडला नाही तर बोलायला कुणीतरी समोर हवं ना!" यावर त्याचे मित्र फार हसतात.

रात्रभर विचार केला. नवा सिनेमा आमच्याकडे बुधवारी लागतो. बुधवारी दुपारी दुकान बंद. आधी जाऊन बघून यायचं आणि मगच ठरवायचं. उडी मारण्याआधी पाणी किती आहे ते माणूस बघतोच की.

१७ सप्टेंबर, बुधवार

गेले. क्रुम गाडी शिकवतो. टपावर शिकाऊ गाडीचा फलक लावलेली त्याची ती पांढरी गाडी आमच्या सिलिस्त्रा गावात कुठल्या वळणावर समोर येईल, नेम नाही. अर्धं गाव त्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबायला शिकलंय, आणि तेवढंच गाव मला थांबवून सांगतं, "बिल्याना, तुझा नवरा म्हणजे हसवून मारतो गं!"

सिनेमागृहात दुपारी एकच बाई असते, त्सोन्कामावशी. तिकीट त्याच देतात, बॅटरी घेऊन जागाही त्याच दाखवतात.

"एकट्याच?"

"डोकं दुखतंय, मावशी. अंधारात जरा बरं वाटेल."

"मग हा कशाला बघता? यात किंचाळ्याच किंचाळ्या आहेत."

तीन म्हातारे गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला जातात, कुणीतरी त्यांचे कपडे चोरतं, आणि ते बनित्सा भाजायच्या मोठ्या परातींनी लाज झाकत भर गावातून, एका लग्नाच्या वरातीतून घरी येतात. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्यांच्या उघड्या पाठी पहिल्या वेळी बघताना हसू येतं. तिसऱ्या वेळी त्यांना थंडी वाजत असेल असं वाटायला लागतं. पण कुणाची बायको कुणाबरोबर पळत नाही. एक सासू आहे, ती लाटण्यानं बडवते. सासू क्रुमला नेहमी चालते.

शनिवारी हाच.

२१ सप्टेंबर, रविवार

जमलं! हसू कुठं येणार हे मला आधीच ठाऊक होतं, त्यामुळे मी तयार होते, ना लवकर ना उशिरा. अंधारात क्रुमचा हात नेहमीसारखा माझ्या मानेवर होता, पण नुसता ठेवलेला. नंतर नदीकाठी त्यानं उकडलेलं कणीस घेऊन दिलं. कणीसवालीला परातींचा चुटका सांगितला, तिलाही हसवलं.

आज सकाळी त्यानं स्वतः कॉफी केली. खिडकीतून डॅन्यूबवर ऊन पडलेलं दिसत होतं. म्हणजे माझं गणित बरोबर आहे. सिनेमा नीट निवडला की सगळं नीट.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आवारात सगळ्या बायका मिरच्या भाजायला बसल्यात, पायऱ्यांपर्यंत धूर आहे. मीही दोन पोती भाजली. हात कामात असले की डोकं सिनेमांवर चालतं.

पूर्वी मला वाटे, चावट सिनेमे सगळे सारखेच. आता कळतं तसं नाही. पुरुषाला बाईचे कपडे घालून पळवलं तर क्रुमला आवडतं. टकल्यावरचा विनोद चालत नाही, गेल्या वर्षापासून. नवऱ्याला बायकोची लफडी कळत नाहीत आणि लोक हसतात, असा असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. नवरा लफडी करतो आणि बायकोला कळत नाही, हे चालतं, पण मग मी नेमकं किती हसायचं ते अवघड असतं. फार हसले तर "तुला काही सुचवायचंय का?" आणि नाही हसले तर "तोंड का पाडलंस?"

अशा वेळी मी सूर्यफुलाच्या बिया चावते. तोंड भरलेलं असलं की कुणी विचारत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज काय झालं ते लिहायलाच हवं.

सिनेमा एका जुन्या जोडप्याचा. डॉक्टर सांगतात, एकमेकांच्या जवळ या, मोकळेपणानं बोला. म्हणून एका दुपारी ते दोघं पलंगावर. नवरा घामाघूम, आणि नेमका बायकोच्या आईचा फोन. बायको फोन घेते! कोबीचं लोणचं घालायचंय म्हातारीला. बायको उताणी पडून सगळी कृती सांगते, पाणी किती, दगड कुठला, आणि नवरा बिचारा तसाच अडकून थांबलेला. मग ती फोनवर हात ठेवून त्याला विचारते, "अहो, मीठ किती घालतो आपण?" आणि तो धापा टाकत, अगदी मनापासून, प्रमाण सांगतो. आणि स्वतःच हसायला लागतो. दोघं हसतात. पलंग मोडतो.

मला आवरेचना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा. कसला तरी आवाज येत होता, घोडी खिंकाळल्यासारखा, आणि तो माझाच होता; पुढे बसलेलेही वळून बघत होते. त्सोन्कामावशी बॅटरी घेऊन आत आल्या.

"कोण आहे म्हटलं बघावं. तुम्ही होय! अहो, शनिवारी तर तुमचा आवाजही येत नाही."

"माफ करा, मावशी."

"माफी कसली? हसायलाच ठेवलाय सिनेमा."

फार छान सिनेमा. इतक्या दिवसांत असा पाहिला नाही. क्रुमसाठी अजिबात नको. त्यातला नवरा स्वतःवर हसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल म्हणाले, "या आठवड्यात राहू दे ना. सिनेमा कंटाळवाणा आहे."

"तुला काय माहीत?"

"दुकानात कुणीतरी म्हणालं."

"कोण?"

नाव सुचेना. "एक गिऱ्हाईक," म्हणाले. क्रुमनं तिथल्या तिथं मालकीणबाईंना फोन लावला. "अहो मॅडम, तुम्ही पडदे विकता की सिनेमांची परीक्षणं?" पलीकडून त्यांचं हसणं मला ऐकू आलं. तोही हसला. मग फोन ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

पुढचं लिहीत नाही. आज लांब बाह्यांचा स्वेटर घातलाय, तशी थंडी पडायलाही लागलीय. ओव्हनचं दार दुसऱ्यांदा सांगता येत नाही.

थाप आधीपासून तयार ठेवायला हवी होती. तेवढंच चुकलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मागचा बुधवार चुकवला होता. मग शनिवारी न बघितलेल्या सिनेमाला जावं लागलं. सबंध वेळ माझा जीव टांगणीला. पुढचा प्रसंग कसा निघेल, कोण दार उघडेल, पलंगाखाली कोण असेल. भुताच्या सिनेमाला लोक इतके घाबरत नसतील. निभावलं कसंबसं.

म्हणून आज पुन्हा गेले. दोन जोडपी ग्रीसमधल्या हॉटेलात जातात, दिवे जातात, आणि सगळे भलत्याच खोल्यांत शिरतात. कोण कुठल्या पलंगावर हे शेवटी मलाच कळेना. दिग्दर्शकालाही कळलं नसावं.

बाहेर पडताना त्सोन्कामावशींनी विचारलं, "शनिवारी पुन्हा हाच बघणार?"

"हो."

"एवढा आवडला?"

"नाही."

त्या बघत राहिल्या. मी घाईनं निघाले. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी वळत होती, टपावर फलक. बेकरीच्या दारामागे उभी राहिले. गाडी चालवणारी बाई दिसली. शेजारी कोण होतं ते काचेवरच्या उन्हानं दिसलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. सेंट दिमितरचा दिवस

दिमितर नावाच्या प्रत्येकाकडे आज जेवण. आम्ही मित्कोकडे गेलो, म्हणजे दिमितरच, क्रुमचा शाळेपासूनचा दोस्त. कोंबडी, भात, मित्कोनं घरी गाळलेली जर्दाळूची राकिया. टेबलाभोवती दहाबारा माणसं, आणि सगळ्यांची तोंडं क्रुमकडे.

"ऐका, ऐका," क्रुम ग्लास उचलून म्हणाला. "आमच्या बिल्यानाचं बाहेर जमलंय हं!"

"काय सांगतोस!"

"शपथ! दर बुधवारी दुपारी, थिएटरात. माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईनं बघितलं, वळण घेता घेता. ती इतकी दचकली की गाडी फुटपाथवर. मी म्हटलं, बाई, ब्रेक दाबा! माझं लग्न मोडतंय ते मोडू दे, आरसा मोडू नका!"

टेबल हादरलं. मित्को डोळे पुसत होता. "मारशील रे आम्हाला!"

"तरी म्हटलं, बरंय," क्रुम पुढे म्हणाला, "अंधारात त्या बिचाऱ्याला हिचं तोंड तरी दिसत नसेल!"

सगळ्यांबरोबर मीही हसले. टेबलाखाली त्यानं माझा अंगठा धरला होता. तो मागे वाकवत गेला, हळूहळू, सगळ्यांचं हसणं थांबेपर्यंत.

मित्कोच्या बायकोनं मला आग्रहानं भात वाढला. कानाशी म्हणाली, "किती जीव आहे गं त्याचा तुझ्यावर! आमचा हा तर माझं नावही घेत नाही चार लोकांत."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काही विचारलं नाही त्यानं. काल नाही, आज नाही. अंगठा सुजलाय, तर स्वतः पट्टी बांधून दिली. "कशानं झालं गं हे?" असंही विचारलं. मी म्हणाले, दारात सापडला. "सांभाळत जा," म्हणाला.

काल येताना शेवंतीची फुलं आणली. सहा होती. आमच्याकडे समसंख्येत फुलं कबरीवरच नेतात. फुलवालीची मोजताना चूक झाली असेल.

"उद्या सिनेमाला जाणार ना?" असं आज सकाळी विचारलं, अगदी गोड.

"नाही."

"जा की. मी कुठं नको म्हणतोय?"

इतका वेळ विचार करतेय. नाही गेले तर म्हणेल, पकडली जाशील म्हणून घाबरलीस. गेले तर निदान त्याला दिसेल की मी एकटीच असते. एकदा डोळ्यांनी बघितलं की संपेल सगळं. गेलेलंच बरं.

त्याला घाबरण्यासारखं काही नाही. मी काही केलेलं नाही. हे मी दुकानात बसून लिहितेय आणि अक्षर बघा कसं आलंय.

३० ऑक्टोबर, गुरुवार. वार्ना

मी माझ्या बहिणीकडे, दाफिनाताईकडे आहे. वही पिशवीतच होती. काल ती बरोबर का घेतली, सांगता येणार नाही.

काल थिएटरात माझ्याशिवाय चारच माणसं होती, सगळी पुढे. सिनेमा एका अंत्यविधीचा. नवरा मेलेला, त्याच्या तीन मैत्रिणी एकाच वेळी रडायला येतात, आणि शवपेटीचं झाकण काही केल्या बसत नाही. का बसत नाही ते लिहीत नाही, पण त्या तिघींना लगेच कळतं आणि बायकोला सगळ्यांत शेवटी. पुढचा एक म्हातारा हसून हसून खोकायला लागला.

मध्येच दार उघडलं. उजेडाची पट्टी आली आणि गेली. माझ्या मागच्या रांगेत खुर्ची करकरली. मग सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज. ते फोडणं मी ओळखते.

मी वळले नाही. पडद्यावर झाकणावर चढून तिघी बसल्या होत्या. अशा प्रसंगाला क्रुम खुर्चीतून पडतो. मी वाट बघत होते, आता हसेल, आता हसेल. तो हसला की मला जरा श्वास घेता येईल. पुढचे चौघं हसत होते. मागून नुसतं बी फोडल्याचा आवाज. एकदाही हसला नाही तो. पाद्री पाय घसरून थडग्यात पडला तेव्हाही नाही.

शनिवारी मागेपुढे गाव असतं. काल त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि त्याला हसूच आलं नाही. तेव्हा मला कळलं की यातलं काहीच त्याला कधी गमतीचं वाटलेलं नाही. म्हातारे नाहीत, सासू नाही, काही नाही. मी कुठला सिनेमा निवडते यानं काही ठरत नव्हतं. मिरच्या भाजताना मी जे सगळं ताडून ठेवलं होतं, ते वाऱ्यावरचं होतं. त्या सप्टेंबरातला शांत रविवार हा नुसता एक रविवार होता.

इतकी भीती मला आजवर वाटली नव्हती. कारण आतापर्यंत हातात काहीतरी आहे असं वाटत होतं.

मानेवर हात आला. "कुठंय तो?"

"कोण?"

"आज हसू येत नाही का, राणीसरकार? बुधवारी घोड्यासारखी हसतेस म्हणे."

"क्रुम, कुणी नाही. तू बघतोयस ना, मी एकटीच आहे."

"बघतोय. घरी चल."

"संपू दे."

"संपू दे," तो म्हणाला. "घाई नाही."

बोटं गळ्यापर्यंत आली होती. तेवढ्यात डोळ्यांवर बॅटरीचा झोत पडला. त्सोन्कामावशी.

"बाई, तुमच्या दुकानातून फोन आलाय. गल्ल्यावर या. ताबडतोब."

"चल, मीही येतो," म्हणून क्रुम उठला.

"तुम्ही बसा. तुमचं तिकीट दाखवा आधी. मी दिल्याचं आठवत नाही."

पुढची चारही माणसं वळून बघायला लागली. आणि क्रुम हसला! लगेच, मोठ्यानं, शनिवारसारखा. "अहो मावशी, मला नाही ओळखलंत? तुमच्या सुनेला गाडी मी शिकवली!"

"ओळखलं. तिकीट?"

तो हसत हसत खिसे चाचपायला लागला. मावशी बोलत होत्या त्याच्याशी, पण बॅटरीचा झोत त्यांनी गल्ल्याकडे नाही, पडद्याशेजारच्या दाराकडे फिरवला आणि तिथंच धरून ठेवला. मला जरा उशिरा समजलं; बुधवारी दुपारी बंद दुकानातून फोन येणार कुठून? मग मी त्या उजेडावरून चालत गेले. दार उघडंच होतं. मागचं आवार, रिकामी खोकी, मग रस्ता. बसस्थानकापर्यंत पळत गेले नाही, पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात. वार्न्याच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर खाली वाकून बसले. गाव मागे पडेपर्यंत प्रत्येक पांढरी गाडी मला क्रुमचीच वाटत होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ताईनं थिएटरात फोन लावून दिला. त्सोन्कामावशी म्हणाल्या, "पोचलीस ना? बास."

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, भिकार सिनेमा माणूस एकदा बघतो. तू बुधवारी बघायचीस, शनिवारी पुन्हा यायचीस, आणि शनिवारी पडद्याकडे नाही, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचीस. बॅटरी घेऊन फिरणाऱ्याला सिनेमा दिसत नाही, पोरी. माणसं दिसतात."

"तो काही बोलला का तुम्हाला?"

"तिकीट काढलंन शेवटी. सगळ्यांना सांगत होता, बायको रुसलीय. लोक हसले." मग म्हणाल्या, "मी कधी हसले नाही हो त्याच्या विनोदांना. पण बोललेही नाही. ते बरं नाही केलं."

४ नोव्हेंबर, मंगळवार

क्रुमचा ताईला फोन. "काय मेव्हणीबाई, माझी एक बायको हरवलीय. सापडली तर बक्षीस! वापरलेली आहे, पण चालू स्थितीत."

ताई सवयीनं हसली. मग तिची नजर माझ्या अंगठ्यावर गेली आणि हसू तोंडातच राहिलं. तिनं फोन ठेवला आणि किती तरी वेळ माझ्याकडे बघितलंच नाही. "तुमच्या लग्नापासून हसत आलेय गं मी त्याच्या विनोदांना," म्हणाली. मेहुणे बोटीवर असतात, घरात आम्ही दोघीच. दाराला खुर्ची लावून झोपतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोर्टात गेलो. समोरच्या न्यायाधीशबाई शांत होत्या. "पहिल्यांदा कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"दंतवैद्याच्या सिनेमानंतर," मी म्हणाले. त्यांनी लेखणी उचलली नाही, थांबल्या. मग मी म्हणाले, "नाही. त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा आम्ही सिनेमालाही जात नव्हतो."

क्रुमनं माझ्या जवळपास फिरकायचं नाही असा हुकूम मिळाला. ताईला हायसं वाटलं. मला कागद वाचता येतो, पण त्या पांढऱ्या गाडीला कुठं वाचता येतो?

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताई ऐकेना. "इतके दिवस घरात कोंडून बसलीस. चल, हसायला जाऊ." दुपारच्या खेळाला. मोठ्यांसाठीचाच, चावट. मी आधी बघितलेला नाही, कुणाला विचारलेलंही नाही.

कपाटात लपलेला प्रियकर, दारात नवरा. तोच प्रसंग. सगळं थिएटर हसलं. मी डावीकडे बघितलं. तिथं ताई होती, मांडीवर मक्याच्या लाह्या, तोंड उघडं, पडद्यात बुडालेली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मला हसू आलं नाही. बराच वेळ मी कारण शोधत होते, भीती का? भीती होतीच. पण तो प्रसंगही मुळात गमतीचा नव्हता.

बाहेर आल्यावर मी आधी रस्त्यावरच्या गाड्या बघून घेतल्या. मग ट्रॉलीबसमध्ये बसलो.

"कसा वाटला?" ताईनं विचारलं.

"बरा होता." असंच म्हणायचं असतं. दोन थांबे गेले. मग म्हणाले, "नाही, ताई. भिकार होता. कपाटातल्याला शिंक येणार हे पहिल्यापासून दिसतं. आणि ती बायको, तिला सबंध सिनेमात एक धड वाक्य दिलेलं नाही. नुसती किंचाळते. ती कशाला हसते, तिला काय आवडतं, काही कळत नाही. असल्या बाईवर कुणी दोघं कशाला भांडतील?" बोलत सुटले. आवाज चढला होता, पुढची बाई वळून बघत होती.

"मला तर बाई आवडला," ताई म्हणाली.

मी पुढचं यायची वाट बघू लागले. एक थांबा गेला, दुसरा गेला. काही आलं नाही. हळूच मान वळवून बघितलं, तर ताईला डुलकी लागली होती, डोकं खिडकीला टेकलेलं.

आमचा थांबा आला तेव्हा मीच तिला हलवून उठवलं.